टायर आणि अदृष्ट

आपल्या भाषेंत ‘अदृष्ट’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ ‘जें दिसलें नाहीं तें’ एवढाच. पण व्यवहारांत तो ‘दैव’ या अर्थानें रूढ झाला आहे, आणि या दोन अर्थांमध्यें जें अंतर आहे तें आपण बोलतां बोलतां सहज ओलांडून जातों. एखादी आपत्ति आली म्हणजे ‘अदृष्टांत होतें तें झालें’ असें आपण म्हणतों. तें आधीं दिसण्यासारखें नव्हतें, कीं तें कोणीं पाहिलेंच नव्हतें, याची चौकशी करण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं. आम्हीही पडलों नसतों. परंतु गेल्या वैशाखांत आमच्या मोटारीच्या एका टायरानें आम्हांस या चौकशींत ओढलें, आणि ती अजून पुरती मिटलेली नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच. विषय टायरासारखा क्षुद्र पाहून वाचकांनीं पान उलटूं नये, एवढी विनंति आहे.

आमची मोटार उंच बांध्याची, हल्लीं ज्या जातीस एस्‌यूव्ही म्हणतात त्या जातीची आहे. सोलापुरांत अशा मोटारी आतां पुष्कळ झाल्या आहेत आणि त्याचें कारणही उघड आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर हीं क्षेत्रें तास-दीड तासाच्या वाटेवर. घरांत माणसें सात. आणि पाहुणा आला कीं त्यास निदान एका ठिकाणीं तरी देवदर्शन घडविणें हें यजमानाचें कर्तव्य. अक्कलकोटाहून असेच एकदां परततांना, दिवेलागणीच्या सुमारास, समोरून चुकीच्या बाजूनें येणाऱ्या एका मोटारसायकलीस वांचविण्यासाठीं आमच्या भाच्यानें गाडी कडेस घेतली, आणि मागचें डावें चाक एका खड्ड्याच्या धारदार कांठावर आदळलें. मोठा आवाज झाला. आम्ही उतरलों, मोबाइलच्या उजेडांत चाकाकडे पाहिलें, त्यास एक लाथ मारून पाहिली (चाकास लाथ मारल्यानें काय कळतें हें आम्हांस आजवर कोणीं सांगितलेलें नाहीं, पण यच्चयावत् पुरुषजात ती मारते) आणि पुन्हां गाडींत बसलों. मागच्या आसनावर, नेमक्या त्याच चाकाच्या वर, आमच्या मातुःश्री बसल्या होत्या. त्यांचा जप मोडला नव्हता.

हा जप न मोडणें हाच या मोटारींचा मोठा गुण, आणि आमच्या मतें दोषाचें मूळही त्यांतच आहे. एस्. टी.च्या शेवटच्या बाकावर बसणारास रस्त्यांतील प्रत्येक खड्डा आपल्या मणक्यांनीं मोजावा लागतो. त्यामुळें गाडीला काय सोसावें लागत आहे हें त्यास निराळें सांगावें लागत नाहीं. उंच मोटारीच्या मऊ स्प्रिंगा आणि मोठालीं चाकें ही वार्ता मध्येंच अडवून ठेवतात. रस्ता काय म्हणतो तें टायर ऐकतो, आणि आंतल्या माणसांस कांहीं सांगत नाहीं. अशा गाडीच्या चालकास आपण कोठूनही जाऊं शकतों असा एक भ्रम होतो, आणि त्या भ्रमाची किंमत त्याच्या नजरेआड, गाडीच्या पोटाखालीं, दुसराच कोणी चुकवीत असतो.

पुढें तीन आठवडे आम्ही त्याच चाकावर हिंडलों. मातुःश्रींच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं पुण्यास जावयाचें ठरलें. अडीचशे किलोमीटरांचा रस्ता आणि वैशाखाचें सोलापुरी ऊन, तेव्हां हवा तपासून घ्यावी म्हणून आदल्या सकाळीं एका पंक्चरवाल्याकडे गेलों. मागच्या डाव्या चाकांत हवा बरीच कमी निघाली आणि एक बारीकसा खिळाही सांपडला. भाचा म्हणाला, “बाहेरून पट्टी मारा, पांच मिनिटांचें काम आहे.” पंक्चरवाला मात्र खिळ्याकडे न पाहतां टायराच्या बाजूकडे पाहात होता. “हवा लई दिवस कमी हाय, साहेब. आंतनं बघायला पायजे,” असें म्हणून त्यानें आमच्या होकाराची वाट न पाहतां चाक काढलें, टायर उतरविला आणि आमच्यापुढें धरला. “हात घालून बघा की ओ.”

आम्हीं हात घातला. बोटांस काळी भुकटी लागली. वाळूसारखी खरखरीत, रबराची. आणखी वर, वीतभर लांबींत, कांहीं तरी फाटल्यासारखें बोटांखालीं आलें. टायराची जी बाजू गाडीच्या पोटाकडे असते आणि जी उभ्या माणसास कधींच दिसत नाहीं, त्या बाजूस अर्ध्या लिंबाएवढें एक टेंगूळ होतें. बाहेरची बाजू मात्र गुळगुळीत आणि तुकतुकीत होती. तिच्यावरील कंपनीचें नांवही पुसट झालेलें नव्हतें.

टायर म्हणजे काय हें सोलापूरच्या माणसास समजावून सांगणें फारसें कठीण नाहीं, कारण टायर हें मुळांत एक वस्त्र आहे. गाडीचा भार हवा उचलते, आणि त्या हवेस धरून ठेवणारें असतें तें रबर नव्हे, तर रबराच्या आंतलें कापड. डनलॉप यांनीं १८८८ सालीं बेलफास्ट येथें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं जो हवेचा टायर केला तोही कापडांत गुंडाळलेल्या रबरी नळीचाच होता. आरंभीं साधें, उभ्याआडव्या धाग्यांचें जाड कापड वापरीत. पण चाक फिरतांना ते धागे एकमेकांवर घांसून एकमेकांसच कापीत. म्हणून पुढें असें कापड निघालें कीं ज्यांत बळकट उभे धागे शेजारीं शेजारीं असतात आणि आडवे धागे त्यांस जागेवर धरण्यापुरते, विरळ. आजच्या मोटारीच्या टायरांत पॉलिएस्टरचे असे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कमानीसारखे गेलेले असतात. रस्त्यास टेकणाऱ्या भागाखालीं त्यांवर पोलादी तारांचे पट्टे असतात, पण दोन्ही बाजूंच्या भिंतींत धागा आणि रबराचा पातळ थर यांखेरीज फारसें कांहीं नसतें. खड्ड्याचा कांठ आणि चाकाची लोखंडी कड यांमध्यें ही भिंत चिमटली कीं आंतले धागे तुटतात, रबर ताणून पुन्हां पूर्वींसारखें होतें. चादरीचा धागा तुटला तर तो डोळ्यांस दिसतो. टायराचें वस्त्र दोन्ही अंगांनीं झांकलेलें. पुढें हवा त्या तुटक्या जागेंतून रबरास बाहेर लोटूं लागते आणि टेंगूळ येतें. त्यांत आमच्या खिळ्यानें हवा हळूहळू कमी केली होती. हवा कमी म्हणजे प्रत्येक फेऱ्यास भिंत अधिक वांकणार, वांकण्यानें तापणार आणि आंतून झिजून तिची भुकटी होणार. आमच्या चाकाचे किलोमीटरास साडेचारशेंच्या सुमारास फेरे होतात. पुण्यास पोंचेपर्यंत ती फाटलेली जागा लाखावर वेळां वांकली असती. ती पोंचली असती असें पंक्चरवाल्यास वाटलें नाहीं.

समजा, ती इंदापुराजवळ फुटली असती. गाडी उंच, तिचा तोल वर. मागचें चाक गेल्यावर ती उलटण्यास वेळ लागत नाहीं. मग आमच्या घरीं चार माणसें आलीं असतीं, आणि प्रत्येकानें ‘अदृष्ट’ हा शब्द उच्चारला असता. तीन आठवड्यांत चाकाखालीं एकदां तरी वांकून पाहिलें होतें का, असें कोणीं विचारलें नसतें. विचारणें असभ्यपणाचें झालें असतें.

असा असभ्य प्रश्न विचारण्याचें काम न्यायालयास करावें लागतें. ऑक्टोबर २०१० मध्यें पुण्याहून मुंबईस निघालेल्या एका मोटारीचें मागचें चाक फुटलें आणि ती दरींत कोसळली. आंतील एक अडतीस वर्षांचे गृहस्थ, घरांतील एकटे कमावते, जागींच गेले. लवादानें २०१६ सालीं त्यांच्या कुटुंबास सुमारें सवा कोटी रुपयांची भरपाई देवविली. त्यावर विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयांत गेली आणि तिनें सांगितलें कीं, टायर फुटणें ही देवाची करणी आहे, त्यांत मनुष्याचा दोष नाहीं. विमा कंपनीनें देवाचें नांव घ्यावें याची आम्हांस मौज वाटते. हप्ता घेतांना ती तें घेत नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें न्यायमूर्ति एस. जी. डिगे यांनीं तें अपील फेटाळलें. ज्या भयंकर नैसर्गिक घटनेस कोणीही मनुष्य जबाबदार नाहीं ती देवाची करणी. टायर फुटणें त्यांत बसत नाहीं, ती मानवी हयगय होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. अतिवेग, कमी वा जास्त हवा, जुनाट टायर, उष्णता अशीं कारणें त्यांत सांगितलीं आहेत आणि प्रवासास निघण्यापूर्वीं टायर पाहणें हें चालकाचें वा मालकाचें काम ठरविलें आहे.

हा निर्णय वाचून पुष्कळांस तो कठोर वाटला असेल. आम्हांस तो आपल्या जुन्या विचारास धरूनच वाटतो. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याही कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत आणि त्यांत दैव पांचवें आहे. अधिष्ठान, कर्ता, साधन आणि चेष्टा हीं त्याच्या आधीं येतात. आपण मात्र शेवटच्या कारणापासून मोजावयास लागतों, आणि तेथेंच थांबतों. कणादानें तर लोहचुंबकाकडे सुई सरकते त्यासही अदृष्ट हेंच कारण दिलें आहे. त्यास त्यांत ईश्वरी कोप अभिप्रेत नव्हता. कार्य दिसतें आहे, कारण दिसत नाहीं, एवढाच प्रामाणिक कबुलीजबाब त्यांत आहे. पुढच्या नैयायिकांनीं केलेल्या कर्माचा जो न दिसणारा संस्कार मागें राहतो आणि कालांतरानें फळ देतो, त्यास अदृष्ट म्हटलें. टायराच्या आंत तुटलेल्या धाग्यांस याहून समर्पक नांव आम्हांस सुचत नाहीं. खड्ड्याचें कर्म अक्कलकोटच्या रस्त्यावर झालें, फळ पुण्याच्या रस्त्यावर मिळावयाचें होतें. फरक एकच, आणि तोच आमची झोंप उडविणारा: शास्त्रांतलें अदृष्ट ज्याचें कर्म त्याच्याच पदरांत पडतें, टायराचें अदृष्ट मागच्या आसनावर जप करीत बसलेल्या बाईच्या पदरांत पडतें.

टायर बिचारा मुका असल्यानें त्याच्यावर नसते आळही येतात. १ जुलै २०२३ रोजीं समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसें गेलीं. टायर फुटला, असें चालकानें प्रथम सांगितलें. परिवहन खात्याच्या तपासणींत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाहीं. खोट्यानें कां होईना, त्यास आधार घ्यावासा वाटला तो याच गोष्टीचा, कारण ‘टायर फुटला’ म्हटलें कीं पुढचे प्रश्न बंद होतात हें आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वच अदृष्ट वांकून पाहिल्यानें दिसतें असें नाहीं. अमेरिकेंत ९ ऑगस्ट २००० रोजीं फायरस्टोन कंपनीनें पासष्ट लाख टायर परत मागविले. त्यांपैकीं पुष्कळसे फोर्डच्या एक्स्प्लोरर या एस्‌यूव्हीखालीं होते. टेक्सस, फ्लॉरिडा, ॲरिझोना अशा उष्ण मुलखांत भर वेगांत टायराचा वरचा थर सालीसारखा सुटून येई आणि गाडी उलटे. अडीचशेहून अधिक माणसें तेथें मेलीं. त्यांच्यापैकीं कोणीं सकाळीं उठून टायर तपासला असता तरी पोलादी पट्ट्यांमध्यें पडलेली फट त्यास दिसली नसती. पण ती सर्वांसच अदृष्ट होती काय? अरब देशांतील आपल्या गिऱ्हाइकांचे असेच टायर फोर्डनें १९९९ मध्येंच बदलून देण्यास आरंभ केला होता. पुढें टायरवाले म्हणाले कीं, फोर्डनें हवेचा दाब फार कमी, २६ पौंड, सांगितला आणि गाडीच उलटण्याजोगी केली. फोर्ड म्हणाले, टायरच वाईट. जवळजवळ शतकाचा त्यांचा संबंध २००१ सालीं या भांडणांत तुटला. म्हणजे जें प्रवाशास दिसणें शक्य नव्हतें तें कोणाच्या तरी कागदांत नोंदलेलें होतें. हें वाचल्यापासून ‘अदृष्ट’ शब्द कानीं आला कीं ‘कोणास अदृष्ट?’ असें विचारण्याची आम्हांस खोड लागली आहे.

आमच्या गांवीं एक समजूत आहे, ती येथें सांगून टाकतों. उन्हाळ्यांत टायर फुटूं नये म्हणून हवा चार-पांच पौंड कमी ठेवावी असें शहाणीं माणसेंही सांगतात. हवा तापून दाब वाढतो हें खरें, परंतु टायर करणारानें तें धरूनच दाब ठरविलेला असतो. कमी हवेनें भिंत जास्त वांकते आणि जास्त तापते. म्हणजे जें टाळावयाचें तेंच ओढवतें. सकाळीं, चाक थंड असतांना, दारापाशीं चिकटविलेल्या पट्टीवर जो आंकडा असेल तितकी हवा भरावी.

पुण्याचें जाणें दोन दिवस लांबवून आम्ही टायर घेण्यास गेलों. फुटका एकच होता. पण बाकीच्या तिघांच्या खांचा खोल असल्या तरी ते सहा वर्षांचे होते आणि त्यांच्या भिंतींवर केंसासारख्या चिरा पडूं लागल्या होत्या. खांचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी असें १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. त्या पट्टीनें चारही टायर निर्दोष होते. त्याच नियमांत फुगवटा आलेला टायरही सदोष मानला आहे खरा, पण फुगवटा गाडीच्या पोटाकडे असला तर तो पाहण्यास कायद्यासही वांकावें लागतें.

भाच्यास रुंद, दांडग्या खांचांचे टायर हवे होते. गाडी त्यानें ‘उठून दिसते’ म्हणे. आम्हीं पट्टीवरचें मापच धरून ठेवलें: २३५/६५ आर १७, आणि पुढें १०४ एच्. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा भिंतीच्या उंचीचें रुंदीशीं शेंकडा प्रमाण. तिसरा चाकाचा व्यास, इंचांत. शेवटचा १०४ लोक वाचीत नाहींत, वास्तविक सात माणसांच्या घरानें तोच आधीं वाचावा: एका टायरानें नऊशें किलो भार पेलावा असा त्याचा अर्थ आहे. त्यानंतर आम्हीं भिंतीवरचे ते चार आंकडे शोधले, ज्यांत टायर कोणत्या आठवड्यांत आणि कोणत्या सालीं तयार झाला हें लिहिलेलें असतें. पुढें आणलेले टायर तीन वर्षांपूर्वींचे निघाले. दुकानदारानें नाक मुरडलें. “साहेब, हें काय दूध आहे का?” रबर दुधाइतकें लवकर नासत नाहीं हें आम्हीं मान्य केलें, पण नासतें, आणि न वापरतांही नासतें. शेवटीं आंतून दुसरे आले. चारही घेतले, निवृत्तिवेतनाचा एक महिना त्यांत गेला. दोनच घ्यावयाचे असते तर नवे मागें लावावे लागले असते, कारण मागचीं चाकें घसरलीं तर गाडी सांवरणें अधिक कठीण. लोक बहुधा उलट करितात.

खरा प्रश्न याच्यानंतर उभा राहिला. जुन्या टायरांचें काय करावयाचें? दुकानाच्या पायरीवर जुने टायर घेणारा एकजण उभाच होता. त्यानें एकेका टायरास सातशें रुपये सांगितले, चौघांसही सारखेच. फाटलेला टायर कोणता हें त्यानें विचारलें नाहीं. आम्हीं तो निराळा काढूं लागलों तेव्हां भाचा म्हणाला, “मामा, घेणारा काय लहान मूल आहे? जुना टायर घेतो म्हणजे जोखीम समजूनच घेतो. म्हणून तर सातशेंत घेतो.”

हें बोलणें अगदींच टाकाऊ नव्हतें. अशा टायरांवर पुन्हां खांचा कोरतात, काळें पॉलिश चढवितात आणि ते खेड्यापाड्यांतून माणसें वाहणाऱ्या जीपगाड्यांखालीं जातात. तो जीपवाला नवे टायर घेऊं शकत नाहीं. आम्हीं आमचे टायर कापून टाकले तर तो नवे घेईल असें नाहीं. कदाचित् याहूनही वाईट घेईल. म्हणजे आमच्या मनाची शुद्धता त्याच्या प्रवाशांच्या जिवावर होणार. या आक्षेपास आमच्याजवळ पुरतें उत्तर नव्हतें आणि आजही नाहीं. एवढें मात्र वाटलें कीं, जोखीम घेणें आणि फसविलें जाणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा वर्षांचा टायर घेणारास त्याचें वय वाचतां येतें, चिरा दिसतात; तेथें त्याची आणि आमची माहिती सारखी आहे. पण ज्या टायराच्या आंत आमचा हात जाऊन आला, त्याविषयीं आम्हांस जें ठाऊक आहे तें त्यास नाहीं. तें न सांगतां पैसे घेतले, तर त्याच्यापुरतें अदृष्ट आम्हींच निर्माण केलें. आणि सांगून दिला तरी काय? तो पुढच्यास सांगेल का, असें आम्हीं त्यास सरळ विचारलें. तो हंसला. “तुम्ही मला सांगितलं हे ठीक. पुढचा मला विचारतोय होय?”

तीन टायर आम्हीं त्यास दिले, वय आणि चिरा दाखवून. चौथ्याची भिंत पंक्चरवाल्याकडून पात्यानें आरपार कापून घेतली. वस्त्रच तें, धाग्यांच्या मधून कापल्यास सहज फाटतें. सातशें रुपये गेले, भाचा घरीं येईपर्यंत बोलला नाहीं, आणि मातुःश्रींनीं पुण्यास जातांना चाकांविषयीं कांहींच विचारलें नाहीं.

येथें थांबलों असतों तर आमच्याविषयीं वाचकांचें मत बरें राहिलें असतें. परंतु टायर कापला जात असतां आम्हांस २०१५ सालची गोष्ट आठवली. पूर्वींच्या गाडीचे टायर आम्हीं असेच बदलले होते. त्यांतील एकास फुगा आला होता, म्हणून तो काढून स्टेपनीच्या जागीं टाकलेला होता. दुकानांतील पोऱ्यानें जुने टायर मोजले ते पांच भरले. “सगळे ठीक आहेत ना, काका?” त्यानें विचारलें. आम्ही घाईंत होतों, “हो” म्हणालों. पांचांचे पैसे नव्या टायरांच्या बिलांतून वजा झाले. तो पांचवा कोणत्या गाडीखालीं लागला आणि त्या गाडींत मागें कोण बसत असे हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्याच्यावरचा फुगा मात्र आम्हीं पाहिलेला होता.